औंधच्या राजाने आधी कारखाने वसवले, मग ७२ गावांचं राज्य गावांच्याच हातात देऊन टाकलं

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला मागे टाकून पश्चिमेला निघालं की पुढे आटपाडी लागतं. मध्ये जिल्हा बदलतो, सांगली सुरू होतो. बाकी काही बदलत नाही. तेच माळरान, त्याच डाळिंबाच्या बागा, तीच खिलार जनावरं आणि पावसाची तीच वाट बघणं.

पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी हाच रस्ता धरला असता, तर गंमत झाली असती. सोलापूर इंग्रजांचं. मंगळवेढा सांगली संस्थानात. सांगोला पुन्हा इंग्रजांचं. आणि आटपाडीत पाऊल टाकलं की औंध संस्थान. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात राज्यकर्ते तीनदा बदलणार.

यातल्या शेवटच्या हद्दीला जरा जास्त अर्थ होता. १९३९ सालानंतर हद्दीच्या अलीकडच्या सांगोल्यातला शेतकरी कलेक्टर आणि मामलेदाराच्या हुकमाखाली होता. पलीकडच्या आटपाडीतला शेतकरी मात्र आपल्या गावचे पंच निवडत होता, आणि गावच्या महसुलातून आधी विहीर करायची की शाळा, हे ते पंच गावात बसून ठरवत होते. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती.

हे घडवून आणणारा माणूस म्हणजे औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब. आज त्यांचं नाव निघतं ते सूर्यनमस्कारामुळे, नाहीतर औंधच्या म्युझियममुळे. त्यांच्या राज्यकारभाराबद्दल आणि पैशाच्या गणिताबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी संस्थान किती छोटं होतं ते समजून घ्या.

७२ गावं. सुमारे ५०० चौरस मैल जमीन. तिसच्या दशकात लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. त्या काळात एकट्या सोलापूर शहरात यापेक्षा जास्त माणसं राहत होती. बरं, ही ७२ गावं एका जागी असती तरी एक वेळ चाललं असतं. तीही विखुरलेली. औंध आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ थेट कर्नाटकातल्या विजापूरकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्याच कुठल्या संस्थानाचा मुलूख ओलांडावा लागायचा.

घराणं मात्र मोठं. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालं आणि पुढे किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात राहिलं. मराठेशाहीच्या दरबारात एकेकाळी पेशव्यांच्या बरोबरीने ज्यांचं नाव घेतलं जायचं, त्यांच्याकडे इंग्रजी अमलात उरलं काय, तर अशी विस्कटलेली, बहुतेक कोरडवाहू ७२ गावं.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते बी.ए. झाले, मुंबईत काही काळ कायद्याचं शिक्षणही घेतलं. त्या काळात संस्थानिकाच्या घरात पदवीधर सापडणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. पण ते धाकट्या पातीचे, त्यामुळे गादी त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. वडील १९०१ मध्ये गेले, थोरले भाऊ गादीवर आले, चार वर्षांत तेही गेले. मग पुतण्या आला. पुतण्याच्या काळात संस्थानच्या कारभाऱ्यावर खुनी हल्ला झाला, प्रकरणात खुद्द राजाचं नाव आलं आणि इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं. ४ नोव्हेंबर १९०९ ला एक्केचाळीस वर्षांचे बाळासाहेब औंधचे राजे झाले.

थोडक्यात, त्यांच्या हाती आलं ते बदनाम झालेलं दरबार आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली रयत. माणदेशाला १८७६ चा दुष्काळ माहीत होता, १८९६ चा माहीत होता आणि १८९९ चाही. माण नदीवरचा म्हसवडचा मोठा तलाव, ज्याला आपल्याकडे राजेवाडीचा तलाव म्हणतात, तो इंग्रजांनी पहिल्या दुष्काळानंतर बांधला. पण एका तलावाने अख्ख्या मुलखाची तहान भागत नाही. शेतसारा पिकावर, पीक पावसावर आणि पाऊस भरवशाचा नाही. अशा राज्याचा खजिना भरणार कसा?

नवा राजा गादीवर आला की पहिल्यांदा काय करतो? सारा वाढवतो, नाहीतर कर्ज काढतो. बाळासाहेबांकडे तिसरा रस्ता चालून आला, आणि त्यांचं मोठेपण हे की त्यांनी तो ओळखला.

झालं असं. लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे गृहस्थ बेळगावात चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवत होते. हा नांगर सुरुवातीला शेतकरी हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा समज होता, त्यामुळे नांगर बरेच दिवस नुसते पडून राहिले. कसाबसा धंदा उभा राहतोय, तोवर शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने त्यांच्या कारखान्याची जागा मागितली. लक्ष्मणराव तेव्हा औंधला यमाई देवीच्या मंदिराचं बांधकाम घेऊन काम करत होते. बाळासाहेबांशी त्यांचा स्नेह होता. राजाला अडचण कळली आणि त्यांनी आपल्या संस्थानातली हवी ती जागा घ्या म्हणून सांगितलं, वर भांडवलालाही मदत केली.

लक्ष्मणरावांनी निवडली ती जागा बघून कुणीही डोक्याला हात लावला असता. कुंडल रोड स्टेशनजवळचा उजाड माळ. निवडुंग, दगड आणि साप. पिण्याच्या पाण्याचीही अडचण. पण एक गोष्ट त्या माळाकडे होती जी संस्थानच्या इतर भागाकडे नव्हती, ती म्हणजे पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं स्टेशन. लोखंड आणि कोळसा आत आणायचा, नांगर बाहेर पाठवायचे, तर रेल्वे हवीच. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनचंही नाव बदललं. नांगर, रहाट, उसाचे चरक, पंप, असं करत करत त्या माळावर अख्खं गाव उभं राहिलं. कामगारांची घरं, शाळा, दवाखाना. १९२० पासून तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, तेच पुढचं ‘किर्लोस्कर’ मासिक. आज सोलापुरातही किर्लोस्करांची फाउंड्री आहे. त्या झाडाचं मूळ शोधत गेलं तर आपण कुंडलच्या माळावर पोचतो.

दुसरं उदाहरण ओगल्यांचं. ‘प्रभाकर’ कंदील ज्यांच्या आजी-आजोबांच्या घरात होता त्यांना हे नाव सांगायला नको. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ चा, आणि त्यालाही औंधच्या राजाचा आधार होता. वीज नसलेल्या महाराष्ट्रात लाखो घरांतली संध्याकाळ या कंदिलाने उजळली.

इथे जरा थांबून हिशेब बघू. राजाने दिलं काय? पडीक जमीन, थोडं भांडवल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आडकाठी न करण्याची हमी. इंग्रजी मुलखात देशी उद्योजकाला ज्या कागदी कटकटी सोसाव्या लागायच्या, त्यातल्या बऱ्याच इथे राजाशी समोरासमोर बोलून सुटायच्या. छोट्या राज्याचा हा एक फायदा असतो. निर्णय घेणारा माणूस एका हाकेच्या अंतरावर असतो. आज आपण ज्याला उद्योगांसाठी सवलती वगैरे म्हणतो, ते औंधने कुठलंही धोरण न छापता केलं होतं.

पण खरं सांगायचं तर याची दुसरी बाजूही आहे. दोन्ही कारखाने लोहमार्गाच्या कडेला उभे राहिले. आटपाडीला रेल्वे नव्हती, आजही नाही. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून सांगोल्यामार्गे १९२७ मध्ये मिरजेला पोचली, तीही आटपाडीला बाजूला ठेवूनच. त्यामुळे कुंडलच्या बाजूला धुराडी दिसू लागली, पण आटपाडीकडचा धनगर मेंढरं घेऊन पावसामागे फिरतच राहिला. संस्थान एकच, राजा एकच, पण एका तुकड्याची प्रगती दुसऱ्या तुकड्यापर्यंत आपोआप चालत गेली नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली असेल तर हा तुकडा तुम्हाला ओळखीचा वाटेल. त्यातला तरुण मास्तर नोकरीवर येतो तो याच संस्थानातल्या एका मेंढपाळांच्या वाडीत.

राजाचे छंदही काही कमी नव्हते. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागे १९१८ मध्ये बाळासाहेबांनी सचित्र महाभारतासाठी देऊ केलेले एक लाख रुपये होते. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेल्या म्युझियममध्ये राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत ऐवज आहे. सूर्यनमस्कार तर संस्थानच्या शाळांमध्ये सक्तीचे. पोरांनी मनातल्या मनात राजाला काय काय म्हटलं असेल, देव जाणे. पण त्याच औंधच्या शाळेत साने गुरुजी काही काळ शिकले, ग. दि. माडगूळकर शिकले. गदिमांचे वडील संस्थानच्याच नोकरीत होते.

दुष्काळी संस्थानच्या राजाने चित्रांवर आणि ग्रंथांवर इतका पैसा घालावा का, असा प्रश्न आज कुणी विचारला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. मला स्वतःला यातल्या काही खर्चाचं समर्थन करता येत नाही. मात्र बरोबरीचे अनेक संस्थानिक तेव्हा शर्यतीचे घोडे आणि युरोपातली हॉटेलं यावर रयतेचा पैसा उडवत होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता गोष्टीतला मुख्य भाग.

१९३८ पर्यंत बाळासाहेब सत्तरीला आले होते. प्रजेच्या प्रतिनिधींची सभा त्यांनी बऱ्याच आधी सुरू केली होती, पण शेवटचा शब्द राजाचाच. देशभर संस्थानांमध्ये प्रजा परिषदांची आंदोलनं पेटली होती. शेजारपाजारचे राजे लाठ्या चालवत होते. त्याच सुमाराला बाळासाहेबांचा मुलगा अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डमध्ये शिकून, बॅरिस्टर होऊन परत आला होता. आणि त्याच्यासोबत औंधच्या गोष्टीत शिरला एक अजब माणूस.

मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात जन्मलेला ज्यू इंजिनिअर. बंगळुरात विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवायला आला आणि गांधींच्या नादाने भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाला. सूत कातायची नवी साधनं बनवण्यात त्याचं डोकं चालायचं. पुढे निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक करून जगभर पोचवणारा तो हाच. तो औंधला आला, आणि राजा, राजपुत्र आणि हा पोलिश संन्यासी, अशा तिघांच्या डोक्यातून एक कल्पना बाहेर पडली. राज्य लोकांना देऊन टाकायचं.

मसुदा घेऊन मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी तो नुसता वाचला नाही, त्यात स्वतः हात घातला. मुंबईत किंवा दिल्लीत असते तशी वरून खाली येणारी सत्ता त्यांना नको होती. गावातून वर जाणारी हवी होती. मतदाराला लिहिता-वाचता यायला हवं हा मुद्दा त्यांनी धरून ठेवला. राजाच्या खासगी खर्चालाही लगाम आला. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य राज्यघटना लागू झाली.

तिची रचना सोपी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींमधून तालुक्याची समिती आणि तालुक्यांमधून मध्यवर्ती विधिमंडळ. मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. छोटे खटले गावातच पंचांसमोर, त्यासाठी वकील करून तालुक्याला खेटे घालायला नकोत. आणि खरी गोम पुढेच होती. महसुलाचा मोठा हिस्सा गावाच्या आणि तालुक्याच्या हातात राहणार, तो कशावर खर्च करायचा ते त्यांनी ठरवायचं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काहीही म्हणोत, गावाच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी गावचा पैसा औंधला जायचा आणि मागितल्यावर त्यातला थोडा परत यायचा. आता तो मुळात फारसा बाहेरच जात नव्हता. शाळा, विहिरी, रस्ते यांच्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायची गरज उरली नाही. चूक झाली तर ती गावाची, आणि ती कुणी केली हे चावडीवर सगळ्यांना माहीत.

हे सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. मताचा अधिकार मिळाला म्हणून जात गावाबाहेर गेली नाही. पाटील-देशमुखांचा दबदबा एका निवडणुकीत जात नसतो. साक्षरतेची अट ठेवली की ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दारात उभं केलं नव्हतं, तेच पहिल्यांदा मतदानातून बाहेर राहणार, हाही त्यातला दोष होताच. गांधीजींचा हेतू लोकांनी शिकावं हा असला, तरी अटीचा भार कुणावर पडतो हे बघायला हवं होतं असं माझं मत आहे.

याच काळात आटपाडीत आणखी एक प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीत न ठेवता शेतावर ठेवायचं, जमीन कसायला द्यायची, कुटुंबाला सोबत राहू द्यायचं. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. १९३९ ची ही गोष्ट. पुढे गदिमांनी यावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. आम्हाला मास कॉमच्या वर्गात हा सिनेमा दाखवला होता, बर्लिनच्या बक्षिसाबद्दलही सांगितलं होतं. तो सोलापूर जिल्ह्याच्या वेशीला लागून घडलेल्या गोष्टीवर आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मग आलं १९४२. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या तुफान सेनेचं ठाणं कुठे, तर कुंडलला. म्हणजे औंध संस्थानात. इंग्रज पोलिसांचा हात तिथे सरळ पोचत नव्हता, आणि संस्थानचं सरकार भूमिगतांना पकडून द्यायला काही फार उत्सुक नव्हतं. राजावर इंग्रजांचा दबाव होता, पण कारभार लोकांच्या हाती असल्याने राजाकडे एक सोयीचं उत्तरही होतं. सत्ता देऊन टाकल्याचा हा फायदा बहुधा कुणी आधी मोजला नव्हता.

आता शेवटाकडे येऊ, आणि हा भाग सुखाचा नाही.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, ही बातमी पसरताच सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. औंध संस्थानातली गावंही त्यातून सुटली नाहीत. बाळासाहेबांनी ज्या किर्लोस्करवाडीला जागा दिली होती तिथल्या कारखान्याला जमावाने आग लावली. माडगूळमधलं माडगूळकरांचं घर जळलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ याच दिवसांवरची. वेदांचे अभ्यासक सातवळेकर औंधमध्ये तीस वर्षं राहिले होते, त्यांनी गुजरातमधल्या पारडीची वाट धरली. ज्या मुलखात नऊ वर्षं गावाने गावाचा निवाडा करायची सवय लावून घेतली होती, तिथे हे घडलं. का घडलं याची उत्तरं जमीन, सावकारी आणि जुन्या जातीय रागात सापडतात, आणि ती एका पंचायतीच्या कायद्याने मिटणारी नव्हती.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ८ मार्च १९४८ ला, औंध मुंबई राज्यात विलीन झालं. इतर दक्षिणी संस्थानंही त्याच वेळी गेली. संस्थानांचं असंच होणार होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त औंधसोबत औंधची घटनाही गेली. महसूल पुन्हा वर जाऊ लागला आणि गावं पुन्हा अर्ज करू लागली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा यायला १९६२ उजाडलं. पंचायतींना देशाच्या राज्यघटनेत जागा मिळायला १९९३.

अप्पासाहेब पंतांना नेहरूंनी १९४८ मध्येच पूर्व आफ्रिकेत आयुक्त म्हणून पाठवलं. फ्रीडमन भारतातच राहिला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १३ एप्रिल १९५१ ला वारले, वयाच्या ८२ व्या वर्षी. नमस्कार घालणं आणि चित्रं काढणं हे म्हातारपणातही सुटलं नव्हतं.

आटपाडीला पाणी मिळायला मात्र आणखी अर्धं शतक थांबावं लागलं. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आता आटपाडीकडे आणि पुढे आपल्या सांगोल्याकडे आणलं जातं. हे टेंभू गाव कराडजवळचं, ओगलेवाडीपासून फार लांब नाही. म्हणजे राजाच्या एका तुकड्याजवळून निघालेलं पाणी त्याच्या दुसऱ्या तुकड्यात येतं आणि तिथून हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात. पाण्याच्या पाळीवरून दरवर्षी भांडणं होतात, मोर्चे निघतात, तो विषय वेगळा.

स्वतंत्रपूर अजून आहे. महाराष्ट्राचा कारागृह विभाग ते चालवतो, आणि तिथले कैदी आजही शेती करतात.